नववी 'क'चा हिरवा रंग

छत्तिसाव्या वर्षी माझी अशी समजूत होती की घाटकोपरची आमची शाळा माझ्या खांद्यावर उभी आहे. खांदे तसे अरुंदच होते, पण समजूत रुंद होती. आता नातवंडं मला फोनमधला अलार्म लावायला शिकवतात आणि चौथ्यांदा विचारलं की सुस्कारे सोडतात. तेव्हा वाटतं, त्या छत्तीस वर्षांच्या बाईलाही कुणीतरी वेळीच असा एक सुस्कारा ऐकवायला हवा होता.

ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. आमची शाळा मराठी माध्यमाची, दोन वेळची. सकाळची शाळा साडेबाराला सुटायची आणि त्याच बाकांवर, अजून गरम असतानाच, दुपारची बसायची. मी इतिहास शिकवायची. पर्यवेक्षक त्या मे महिन्यात निवृत्त होणार होते. त्यांच्या जागेवर सेवाज्येष्ठतेने हक्क होता तो सकाळच्या विज्ञानाच्या सरांचा, पण त्यांनी लेखी नकार दिला होता. "दोन वर्षं राहिली माझी. शिपायाच्या रजा मांडत बसू का मी?" असं ते सगळ्या स्टाफरूमसमोर म्हणाले होते. त्यांच्यानंतर माझा नंबर. मग मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकेने, मला अंधेरीला एका वर्गाला घातलं. पुढेमागे जे शाळा चालवणार आहेत त्यांच्यासाठीचा वर्ग. दर शनिवारी दुपारी. वार्षिक नियोजन कसं करावं, नियोजन, टाचण आणि प्रश्नपत्रिका यांचा एकमेकांशी मेळ कसा घालावा, हे तिथे शिकवायचे.

चार शनिवार झाले आणि आमच्या राणीसाहेब हवेत गेल्या. स्टाफरूममध्ये मी 'उद्दिष्ट', 'घटक', 'भारांश' असे शब्द चहात साखर टाकावी तसे टाकायला लागले. चित्रकलेच्या बाई मला बघितलं की म्हणायच्या, "आला गं भारांश!" मला तो मान वाटायचा.

आमच्या शाळेत विज्ञान शिकवायची एक जुनी रीत होती, ती इथे सांगायलाच हवी. प्रयोगशाळा एक, साहित्याचा संच एकच. म्हणून सकाळच्या शाळेत दिवाळीपर्यंत रसायन शिकवायचे आणि दुपारच्या शाळेत दिवाळीपर्यंत प्रकाश, उष्णता, वीज. दिवाळीनंतर अदलाबदल. सहामाहीला दोघांचे पेपर वेगळे, वार्षिकला मात्र एकच. कुठल्या पुस्तकात न सापडणारी, पण वीस वर्षं बिनबोभाट चाललेली सोय होती ती.

त्या दिवाळीच्या सुट्टीत महापालिकेच्या इंजिनिअरने तळमजल्यावरची एक खोली धोकादायक ठरवून बंद केली. दुपारच्या शाळेला एक वर्ग कमी पडायला लागला. सकाळी वर्ग कमी होते, म्हणून मोठ्या बाईंनी ठरवलं, दुपारची नववी 'क' सकाळी आणायची. बावन्न मुली. मला बोलावून म्हणाल्या, "तू एवढं शिकतेस ना तिकडे? मग कर आता नवीन नियोजन. सगळ्या वर्गांचं."

मी केलं. असं केलं की काय सांगू! दोन मोठे कार्डशीट आणले. एकावर दिवाळीपूर्वीचे महिने, दुसऱ्यावर दिवाळीनंतरचे. रसायनाला हिरवा, प्रकाश-विजेला निळा, भाषेला गुलाबी, गणिताला तपकिरी. स्वयंपाकघरात जमिनीवर ओणवी होऊन दोन दिवस स्केचपेनं झिजवली. सासूबाई मालवणच्या. त्या ओट्याशी जाताना तक्ता ओलांडून जायच्या आणि म्हणायच्या, "काय गे, ह्या काय लुगड्याचा डिझाईन काढतंस? पायात येता मा माझ्या!"

तपासणीही मी केली, नाही असं नाही. प्रत्येक महिन्याचा रकाना वरून खाली वाचला. एकाच वेळी दोन वर्गांना एकच साहित्य तर लागत नाही ना? नाही लागत. डिसेंबरात सकाळच्या सगळ्या वर्गांना निळा, दुपारच्या सगळ्यांना हिरवा. झकास! मग दोन्ही कार्डशीट खळीने जोडले. मोठ्या बाईंनी सही केली, पर्यवेक्षकांनी सही केली, तक्ता स्टाफरूममध्ये लागला. उभा वाचला होता तो मी. आडवा वाचायचा असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी तोच तक्ता सुरळी करून मी अंधेरीला नेला. प्रत्येकाने आपल्या शाळेचं काम मांडायचं होतं. शिकवणारे गृहस्थ निवृत्त मुख्याध्यापक होते, बारीक अंगाचे, आवाज कधी न चढवणारे. तक्ता फळ्यावर टांगला तेव्हा मागून कुणीतरी "वा!" म्हणालं. मी पदर सारखा केला.

ते गृहस्थ म्हणाले, "छान. आता बाई, एक मुलगी निवडा. जूनमध्ये तिचं बोट धरा आणि एप्रिलपर्यंत चालवत न्या. ती काय काय शिकली ते आम्हाला सांगा."

मी मुद्दाम नववी 'क' निवडली. का, तर त्याच वर्गाची मी हलवाहलव केली होती ना! दाखवायची हौस. मी ओळीवर बोट ठेवलं आणि बोलत निघाले. जून, जुलै, निळा, प्रकाश. ऑगस्ट, सप्टेंबर, निळा, उष्णता आणि वीज. जोड ओलांडला. डिसेंबर, निळा...

बोट तिथेच थांबलं.

जानेवारी निळा. फेब्रुवारी निळा. हिरवा कुठेच नाही. दुपारी असताना या मुलींनी प्रकाश शिकला, आणि सकाळी येऊन पुन्हा प्रकाश शिकत होत्या. रसायन त्यांच्या वर्षातून उडून गेलं होतं. अर्धं पुस्तक! आणि वार्षिकचा पेपर सगळ्यांना एकच.

 पंचवीस-तीस माणसं समोर. आणि मी काय करावं? बोट हळूच वर सरकवलं. सकाळच्या नववी 'ब'च्या ओळीवर. "डिसेंबरपासून... प्रकाश... आणि त्याआधी रसायन झालेलंच आहे," असं म्हणून वर्ष पुरं केलं. कुणाच्याही लक्षात आलं नाही. टाळ्या पडल्या. गृहस्थ म्हणाले, "तक्ता सुबक आहे. पाणी हवंय का? घाम आलाय तुम्हाला."

परतीची बस साकीनाक्याला बराच वेळ अडकली. तिथल्या कारखान्यांची पाळी सुटत होती. खिडकीतून दिसल्या मुली, हातात डबे, ओढण्या कमरेला खोचलेल्या. माझ्या वर्गात बसतील अशाच वयाच्या. आणि मला नववी 'क'मधल्या एका मुलीची आई आठवली. डोंगरावरच्या झोपडपट्टीत राहणारी, नवऱ्याची गिरणी संपात गेलेली. पालकसभेत मला म्हणाली होती, "बाई, ह्या वर्षी पास झाली तर दहावी. नापास झाली तर पुरे. साकीनाक्याला माझी बहीण आहे पॅकिंगला, तिच्यासंगती पाठवणार." तिने धमकी दिली नव्हती. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं सांगितलं होतं. अशी आई एकच नव्हती त्या वर्गात.

घरी येऊन मी तक्त्याची सुरळी कपाटाच्या मागे सारली. जणू तो दिसला नाही की चूक नाही!

सोमवारी मधल्या सुट्टीत मी त्या मुलीला गाठलं. सहज विचारल्यासारखं केलं. "काय गं, विज्ञानात काय चाललंय?"

"प्रकाश, बाई."

"आणि दुपारच्या शाळेत होतात तेव्हा?"

"तेव्हा पण प्रकाशच."

"मग कुणी सांगितलं का नाही सरांना?"

ती चपलेने फरशी घासत राहिली. "आम्हाला वाटलं, तक्त्यात आहे म्हणजे असंच असणार. आणि बाई... सर विचारतात ते आम्हाला सगळं येतं. सर म्हणाले, 'क' तुकडी सगळ्यात हुशार आहे. आम्हाला कधी कोण हुशार म्हटलंय? म्हणून सगळ्यांनी ठरवलं, गप बसायचं."

 हे ऐकून कुठल्याही शहाण्या बाईने तडक मोठ्या बाईंची खोली गाठली असती. पण मी शहाणी नव्हते, मी भावी पर्यवेक्षिका होते. मला दिसत होतं ते एवढंच: बाई चिडणार, सर आपला नकार मागे घेणार, संस्थेचे सचिव म्हणणार की हिला कुणी पाठवलं होतं अंधेरीला? मी ठरवलं, रसायन आपणच शिकवू. गुपचूप. इतिहासाचा जादा तास म्हणून.

बी.ए. झालेली बाई मी. रसायनाशी माझा संबंध रॉकेलच्या स्टोव्हपुरता! दुकानातून नववीचं गाइड आणलं, भाजी चिरताना पाठ केलं. शाळा सातला भरायची, मी मुलींना साडेसहाला बोलावलं. बावन्नपैकी चाळीसेक यायच्या, डोळे चोळत. रोज जिना चढताना मी वरच्या मजल्याचा कानोसा घ्यायची. मोठ्या बाईंच्या चपलांचा आवाज मला घरी भाकरी थापतानाही ऐकू यायचा. नवरा म्हणाला, "दचकतेस काय सारखी? चोरी केलीयस का?" मी त्याच्यावरच खेकसले.

आम्ल आणि अल्क मी बरं शिकवलं, हे खरं. हळदीचं पाणी नेलं, त्यात धुण्याचा सोडा टाकला. पाणी लालभडक झालं, मुली "हाऽऽ" करून पुढे आल्या. लिंबू पिळलं, पुन्हा पिवळं. तेवढ्यावर मला वाटलं, जमतंय की! मग आली संयुजा, म्हणजे कुठल्या अणूला दुसऱ्याला धरायला किती हात. एका मुलीने विचारलं, "बाई, पण त्याला एवढीच का असते?" मी ताबडतोब म्हणाले, "ते दहावीला आहे." दुसरीने आणखी काही विचारलं. "तेही दहावीला." तिसरी म्हणाली, "बाई, सगळं दहावीलाच आहे, तर नववीला काय आहे?" मी तिला खाली बसवलं.

आठवडाभराने एका सकाळी घंटा झाली तेव्हा मी घाईत फळा न पुसता बाहेर पडले. पहिला तास सरांचा होता.

तास संपल्यावर मी स्टाफरूममध्ये वह्या तपासत होते. सर आले, हातावरचा खडू झटकला, माझ्या समोरची खुर्ची ओढून बसले. आजूबाजूला कुणी नाही ते बघून घेतलं.

"काय हो बाई, सोडियमला दोन हात कधी फुटले?"

मी पेन खाली ठेवलं.

"फळ्यावर सोडियमची संयुजा दोन लिहिलीय. एक असते. मी विचारलं कुणी लिहिलं, तर बावन्न मुली मुक्या. अक्षर मात्र तुमचं. शिवाजी महाराजांचा आणि सोडियमचा काय संबंध आला?"

हसण्यासारखं होतं, पण मला रडू आलं. तोंडावर पदर धरून मी सगळं सांगितलं. तक्ता, जोड, अंधेरीला सरकवलेलं बोट, सगळं. तोपर्यंत चाळीसेक मुलींना मी चुकीचं शिकवलं होतं हेही आता त्यात जमा झालं.  मग मी बघितलं, त्यांचाही चेहरा उतरला होता.

"दोन महिने मी त्यांना शाबासकी देतोय," ते म्हणाले. "एकीचीही मागची वही उघडून बघितली नाही. दुपारच्या बाई आणि मी भेटतो ते साडेबाराला जिन्यावर, नमस्कार-चमत्कारापुरते. मलाही विचारायचं सुचलं नाही." मग चष्मा पुसत म्हणाले, "आता मोठ्या बाईंना कोण सांगणार? तुम्ही की मी?"

खरं सांगते, एक क्षण मला वाटलं होतं, हे म्हणतील 'मी सांगतो'. त्यांनी चष्मा चढवला आणि माझ्यासाठी दार उघडून धरलं.

मोठ्या बाईंच्या खोलीत मी उभीच होते. त्यांनी ऐकलं, ड्रॉवरमधून नियोजनाची प्रत काढली, ओळीवरून नख फिरवलं. सहीपाशी येऊन थांबल्या. सही त्यांचीच होती. माझ्या अंगावर ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या अगदी हळू म्हणाल्या, "म्हणजे मीही वाचलं नाही." आणि थोड्या वेळाने, "तू बोलली नाहीस, ही चूक मोठी. रंगाची नव्हे."

मग त्यांनी एक वाट सुचवली. 'क'चा पेपर वेगळा काढायचा, रसायनाचे प्रश्न गाळायचे. कुणाला कळणार नाही, मुली पास. माझ्या मनात एकदम दिवाळी झाली! मी मान हलवलीसुद्धा. दारात उभे असलेले सर म्हणाले, "आणि दहावीला बोर्ड विचारेल तेव्हा? तिथेही आपणच पेपर काढणार का?"

वाट तिथेच बंद झाली. 

मार्चमध्ये दहावीच्या परीक्षेसाठी शाळेच्या खोल्या जाणार होत्या. हातात मोजके आठवडे. मी माझे इतिहासाचे सगळे तास सरांना देऊन टाकले आणि इतिहास पहाटेच्या साडेसहावर नेला. सर गच्चीच्या जिन्यावर मुलींना पायऱ्यांवर बसवून रसायन शिकवायचे. खालच्या पायरीवर फळा टेकवलेला. आधी त्यांनी मी शिकवलेलं पुसलं, मग नवीन लिहिलं. मुली थकल्या, एक-दोघी रडल्या. "आम्ही हुशार होतो ना सर?" असं एकीने विचारलं, तेव्हा सर पाठमोरे झाले आणि बराच वेळ फळा पुसत राहिले. मला रात्रंदिवस एकच भीती. पद माझ्या डोक्यातून कधी गेलं कळलंच नाही. डोळ्यांसमोर फक्त ते डबे आणि कमरेला खोचलेल्या ओढण्या.

पेपर तपासून झाले. 'क'च्या नऊ मुली विज्ञानात नापास. त्यातल्या पाच इतर विषयांतही गेल्या होत्या. चौघी मात्र फक्त विज्ञानात, आणि उत्तरपत्रिका काढून बघितल्या तर चौघींचा रसायनाचा भागच कोरा होता. त्यात ती डोंगरावरची मुलगीही.

एप्रिलच्या शेवटी निकालाची सभा झाली. संस्थेचे सचिव आले होते. कुणाला वर चढवायचं ते तिथे ठरायचं. चौघींचा विषय निघाला तेव्हा सचिव म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा. पुढे चला." मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. सरांनी नाही पाहिलं, ते टेबलाकडे बघत होते.

मी उभी राहिले तेव्हा खुर्ची मागे पडली. "या मुलींना अर्धा अभ्यास शाळेने शिकवलाच नाही," मी म्हणाले. "नियोजन मी केलं होतं. चूक जानेवारीत कळली, ती मी आठवडाभर लपवली. वर चुकीचं शिकवलं. त्या नापास नाहीत, मी आहे."

सचिवांनी चष्म्यावरून पाहिलं. "पर्यवेक्षिका म्हणून नाव आलंय ते तुमचंच ना?"

"हो."

"मग आम्ही तुम्हाला ही शाळा का सोपवावी?"

 मी तशीच उभी राहिले. शेवटी सर म्हणाले, "साहेब, मी माझा नकार मागे घेतो. दोन वर्षं मी सांभाळतो. नियोजन मात्र ह्याच करतील, आणि मी एकेक ओळ वाचल्याशिवाय सही करणार नाही." मोठ्या बाई लगेच म्हणाल्या, "मीही." सचिवांनी चौघींच्या नावापुढे काहीतरी लिहिलं.  चौघी वर चढल्या. माझं पद गेलं. घरी सासूबाई म्हणाल्या, "बरा झाला. आता तरी वाट सोडशीत माझी."

निकाल वाटला त्या सकाळी डोंगरावरची ती मुलगी आणि तिची आई फाटकाशी उभ्या होत्या. आईने प्रगतिपुस्तक मला उघडून दाखवलं. "बाई, हे 'वर चढवली' म्हणजे पास ना?"

"दहावीत गेली," मी म्हणाले. "विज्ञानाची तयारी सुट्टीत करून घ्यायचीय. सर येणार आहेत."

मुलीने माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं. "सरच शिकवणार ना बाई? तुम्ही नाही ना?"

"मी नाही गं बाई."

"मग येते," ती म्हणाली.